मास्तरांच्या गुडघ्यावरची पट्टी

मास्तरांच्या स्वयंपाकघरात एक फळा होता. शाळेत नवे फळे आले तेव्हा जुन्यातला एक त्यांनी मागून घेतला आणि फ्रिजशेजारी ठोकला. शाळेत ते खेळ शिकवत. निवृत्त झाल्यावर शिकवायला एकच विद्यार्थिनी उरली, ती म्हणजे त्यांची धाकटी लेक. तेवीस वर्षांची, लांब पल्ल्याची धावपटू. फळ्यावर तिचं सगळं असायचं: आज किती किलोमीटर, किती मिनिटांत, नाडीचे ठोके, वजन, झोप. दोन महिन्यांवर मोठी शर्यत आली होती, त्यामुळे हल्ली खडू लवकर संपत होते.

एवढ्या मोठ्या फळ्यावर एक गोष्ट मात्र नव्हती. धाकटीला आठ महिने पाळी आली नव्हती. असलं काही वडिलांना सांगायचं नसतं, हा त्या घरातला न लिहिलेला कायदा, आणि फळ्यापेक्षा तोच जास्त पाळला जायचा. आईच्या लक्षात आलं तेव्हा ती लेकीला गुपचूप डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. रक्त तपासून झालं, हाडांची घनता मोजून झाली.

"खातेस चिमणीएवढं आणि धावतेस घोड्यासारखी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शरीराला पुरत नाही, म्हणून ज्यावाचून अडत नाही ते त्याने बंद केलं. पाळी थांबली, हॉर्मोन घटलं, आणि त्याच्याशिवाय हाडं नीट भरत नाहीत. तुझी हाडं तुझ्या आईपेक्षा विरळ आहेत."

हे ऐकून आईला क्षणभर बरं वाटलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

उपाय तीन होते. जास्त खायचं, कमी धावायचं, आणि तोवर हाडं सांभाळायला हॉर्मोनची पट्टी पोटावर चिकटवायची. ती आठवड्यातून दोनदा बदलायची, सोबत काही दिवस गोळ्या. "नुसत्या पट्टीवर भागणार नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. पण पहिले दोन उपाय फळ्यावर आल्याशिवाय होणार नव्हते, आणि घोडं अडलं ते तिथेच. मग धाकटीने जमेल तेवढं केलं, म्हणजे पट्टी लावली. राहिलेल्या सहा पट्ट्या कुणाला दिसू नयेत म्हणून तिने त्या सांधेदुखीच्या पट्ट्यांच्या रिकाम्या डब्यात भरल्या आणि डबा आपल्या खेळाच्या पिशवीत ठेवला.

ज्या घरात वडिलांचा गुडघा दुखतो त्या घरात यापेक्षा वाईट जागा शोधूनही सापडली नसती.

सोमवारी लेकीच्या पिशवीत शिट्टी शोधताना मास्तरांना तो डबा मिळाला. चष्मा जवळ नव्हता. पाकिटावर काहीतरी लांबलचक नाव होतं, आणि औषधाचं नाव जितकं लांब तितका गुण जास्त, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांनी एक पट्टी उजव्या गुडघ्यावर लावली. पारदर्शक, पातळ, ना वास ना आग. संध्याकाळपर्यंत गुडघा बरा वाटायला लागला. मंगळवारी त्यांनी डाव्या गुडघ्यावरही एक लावली. तो दुखत नव्हता, पण त्याला वाईट वाटू नये.

बुधवारी बागेतल्या बाकावर त्यांनी उठाबशा काढून दाखवल्या. बाकावरची मंडळी म्हणजे निवृत्त पोस्टमन, घड्याळजी आणि ग्रंथपाल. मास्तरांनी तिघांना एकेक पट्टी वाटली. पोस्टमननी तिथेच पाठीवर लावून घेतली. घड्याळजींनी थंडीत लागेल म्हणून जपून ठेवली. ग्रंथपालांनी मात्र पाकीट वाचलं. हाती आलेलं काहीही वाचल्याशिवाय न सोडण्याची त्यांना जन्माची खोड. मग घरी जाऊन त्यांनी जाड पुस्तक काढलं, दोनदा वाचलं, आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

गुरुवारी धाकटीने डबा उघडला. आत एकच पट्टी होती.

"आई, पट्ट्या कुठं गेल्या?"

"मला काय माहीत? तुझ्या बाबांना विचार."

"कसं विचारू?"

औषधाच्या दुकानात नवीन पाकीट दहा दिवसांनी येणार होतं. धाकटीने उरलेली पट्टी लावली आणि त्या दिवशी अठरा किलोमीटर धावली, कारण फळ्यावर अठरा लिहिलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी बाकावरची मंडळी एकदम घरी आली. हातात केळी आणि सफरचंदं, चेहरे लांब. ग्रंथपालांनी मास्तरांच्या शेजारी बसून त्यांचा हात हातात घेतला.

"मास्तर, आपली ओळख तीस वर्षांची."

"एकतीस," मास्तर म्हणाले. "का रे, कोण गेलं?"

"कुणी गेलेलं नाही. आम्ही एवढंच सांगायला आलो, की तू जी काही ट्रीटमेंट घेतोयस, ती तुझी तू विचार करूनच घेत असशील."

"अर्थात. फार गुण आला."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मग झालं तर," घड्याळजी खाली बघत म्हणाले. "उद्या तुझं जे काही होईल ते होवो, बाकावरची तुझी जागा तुझीच."

"माझं काय होणार आहे?"

"वहिनींना माहीत आहे का?" पोस्टमननी हळूच विचारलं.

"तिला काय विचारायचंय? गुडघा माझा आहे."

ग्रंथपालांनी खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "मास्तर, हे बायकांचं हॉर्मोन आहे."

मास्तरांनी आधी एका गुडघ्याकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. स्वयंपाकघराच्या दारात धाकटी उभी होती. आपल्या बापाला या तीन भल्या माणसांच्या सहानुभूतीत असंच बुडू द्यावं आणि अळीमिळी गुपचिळी करावी, असं एक क्षण तिच्या मनात आलंही. पण वडिलांचा चेहरा बघवेना.

"ते माझं औषध आहे, बाबा," ती म्हणाली. "आठ महिने मला पाळी आली नाहीये. हाडं विरळ झालीत. डॉक्टर म्हणतात, जास्त खा आणि कमी धाव. तुम्हाला कसं सांगू ते कळत नव्हतं."

तीन निवृत्त पुरुष एकाच वेळी केळ्यांकडे बघू लागले.

"आठ महिने," मास्तर म्हणाले. ते उठून स्वयंपाकघरात गेले. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात, चौकटीत जपून ठेवलेली एक जुनी ओळ होती: 'वजन ४ किलो कमी. शाबास.' खाली तारीख होती, त्यांच्याच वळणदार अक्षरात, नऊ महिन्यांपूर्वीची. मास्तर बराच वेळ ती वाचत राहिले. मग डस्टर बाजूलाच असताना त्यांनी ती शर्टाच्या बाहीने पुसली. त्यांना रडू येत होतं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

बाहेर पोस्टमननी घसा साफ केला. "आमचं आता काय होणार, पोरी?"

धाकटीने फोन लावला. पलीकडे डॉक्टरीणबाई आधी बराच वेळ हसल्या. "एखाद-दोन पट्ट्यांनी काही होत नाही म्हणावं. सगळ्यांनी काढून टाका. आणि तुझ्या बाबांना उद्या माझ्याकडे पाठव." पोस्टमनच्या पाठीवरची पट्टी काढायला दोघं लागले, कारण त्यांचा स्वतःचा हात तिथे पोचत नव्हता. घड्याळजींनी आपली न उघडलेली पट्टी खिशातून काढून परत दिली. ग्रंथपालांची टेबलावर होतीच. दोन पट्ट्यांत आठवडा निघणार होता.

"चार दिवस छातीठोक सांगत होतात, गुण आला गुण आला," आई मास्तरांना म्हणाली. "अक्कल गुडघ्यात असली की असंच व्हायचं."

मास्तरांनी पट्ट्या सोलून काढल्या. त्याच क्षणी उजवा गुडघा दुखायला लागला.

दुसऱ्या दिवशी ते वही घेऊन दवाखान्यात गेले आणि सव्वा तास प्रश्न विचारून आले. आल्यावर फळा धुतला. शर्यतीतून नाव काढलं. वजनाचा रकाना गेला, त्या जागी 'काय खाल्लं' आला. आठवड्यात तीन दिवस 'विश्रांती' लिहिलं, आणि पट्टी बदलायचे वार पिवळ्या खडूने. पहिल्या आठवड्यात धाकटी विश्रांतीच्या दिवशी चोरून धावायला निघाली, तर मास्तर दारात खुर्ची टाकून अंडी सोलत बसले होते.

पाच महिने गेले. एका सकाळी मास्तर चहा करायला उठले तर फळ्यावर तारखेखाली लाल खडूचा एक छोटा ठिपका होता. बाकी काही लिहिलेलं नव्हतं. ते ठिपक्यासमोर उभे राहिले. चहा उतू गेला, तो त्यांनी पुसला, पुन्हा आधण ठेवलं. मग खडू घेऊन ठिपक्याशेजारी एकच शब्द लिहिला, 'शाबास', त्याभोवती चौकट आखली, आणि सांधेदुखीच्या पट्ट्यांचा डबा शोधायला गेले.

या वेळी चष्मा लावून.