केरोबाची रजा

एका जंगलात, मुलांनो, एक धोंडा होता. सिंह महाराजांचा दरबार ज्या गुहेत भरायचा, तिच्या बरोबर डोक्यावर, टेकडीच्या कडेला तो टेकून बसलेला होता. तो पडेल की काय, अशी महाराजांच्या पणजोबांना एकदा शंका आली. म्हणून त्यांनी धोंड्याकडे बघायला एक अस्वल नेमलं. पुढे शंका गेली, पणजोबाही गेले. अस्वलाची जागा मात्र राहिली.

आपल्या गोष्टीच्या वेळी त्या जागेवर केरोबा होता. रोज सकाळी टेकडीवर जायचं, धोंड्यासमोर बसायचं आणि तो पडला तर ओरडायचं, एवढं त्याचं काम. धोंडा पडत नव्हता, त्यामुळे केरोबाच्या कामाबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

केरोबाच्या बायकोचं नाव सोनाबाई. लग्न झाल्यापासून दोघांचा एकच वाद होता. केरोबा म्हणायचा, समुद्र नावाचं एक पाणी आहे, त्याला पलीकडचा काठच नसतो. सोनाबाई म्हणायची, "काहीतरीच सांगता. काठ नसेल तर पाणी सांडणार नाही का?"

मग सोनाबाईची नजर अधू होऊ लागली. वैदू घुबडाने तिचे डोळे उघडझाप करून पाहिले आणि केरोबाला बाजूला नेलं. "पडदा चढतोय. काय दाखवायचं ते दाखवून घे," तो म्हणाला.

केरोबा तडक नदीवर गेला. तिथे एक थोरली कासवीण होती. ती प्रवाशांना पाठीवर घेऊन समुद्रापर्यंत नेऊन आणायची.

"पुढल्याच्या पुढल्या थंडीत जागा आहे," कासवीण म्हणाली.

"त्याच्या आधी नाही?"

"आधी मी परतच येत नाही."

केरोबाने दोन जागा धरल्या आणि त्याच दुपारी तो दिवाणजींकडे गेला. दिवाणजी जातीने तरस होते. दरबाराचा सगळा कारभार तेच बघायचे. महाराज फक्त बसायचे.

"दिवाणजी, पुढल्याच्या पुढल्या थंडीत रजा हवी होती."

दिवाणजी खो खो हसले. तरसाला हसू आवरत नाही, त्याला ते तरी काय करणार! "अरे, तोवर मी असेन की नाही, तू असशील की नाही, हे जंगल तरी असेल की नाही, कोणी सांगावं? जवळ आलं की ये."

थंडी जवळ आली. केरोबा पुन्हा गेला.

"आत्ता सांगतोस?" दिवाणजी कडाडले. "थंडीतल्या रजा सगळ्या वाटून झाल्या. आधी सांगायला काय झालं होतं?"

"आधी सांगितलं होतं, दिवाणजी."

"सांगितलं होतंस, पण वेळेवर नाही. आणि रजा कशाला? वारलंय का कोणी?"

आता या दरबारात रजेसाठी कोणाला तरी वारावंच लागे. हत्तीची आजी तर दर उन्हाळ्यात वारायची. ती शेजारच्याच खात्यात कामाला होती आणि आपल्या दहाव्याला स्वतः जेवून जायची. पण केरोबाला खोटं बोलता येत नसे.

"कोणी वारलं नाही. बायकोला समुद्र दाखवायचाय."

"समुद्र काय पळून चाललाय?"

"समुद्र नाही, दिवाणजी. तिची नजर चाललीय."

दिवाणजींनी उगाचच नाक खाजवलं. मग म्हणाले, "बदली माणूस आण. धोंड्याकडे बघायला कोणी मिळालं, तर जा."

केरोबा सांबराकडे गेला. सांबर दरबाराच्या दाराशी उभं राहायचं. "बसतो की मी धोंड्यापाशी," सांबर म्हणालं, "पण दाराशी कोण उभं राहणार?" दाराशी उभं राहायला रानडुक्कर तयार झालं, पण महाराज शिंकले की "शतायुषी व्हा" म्हणायचं काम त्याच्याकडे होतं. ते करायला मोर राजी होता, पण महाराजांना जांभई आली की त्याला नाचावं लागे, म्हणजे जांभई कोणाच्या लक्षात येत नसे. असं करत करत सगळा दरबार केरोबासाठी आपापली जागा सोडायला तयार झाला. फक्त शेवटची एक जागा रिकामी राहिली. वानर महाराजांसमोर टाळ्या वाजवायचा, त्याच्या बदली कोणी उरलंच नाही.

"दरबारात बिनकामाचं असं कोणीच नाही का?" केरोबा रडकुंडीला आला.

सगळे खाली बघू लागले. मग एकेकाची नजर हळूहळू सिंहासनाकडे गेली.

दिवाणजी हुशार होते. त्यांच्या लक्षात आलं की महाराजांनाच धोंड्यापाशी बसवलं, तर बाकी कोणाला हलवायलाच नको. ते दबकत पुढे गेले.

"महाराज, एक काम होतं."

"कोणाला?"

"आपल्याला."

महाराज सिंहासनावरून उठले. "मला काम?" त्यांचा आवाज चक्क कापत होता. "जन्मात कोणी दिलं नव्हतं रे. काय करायचं?"

"धोंड्याकडे बघायचं."

"आणि?"

"आणि काही नाही. पडला तर ओरडायचं."

"ते मला येतं!" महाराज म्हणाले आणि टेकडीकडे पळतच सुटले.

केरोबा आणि सोनाबाई कासविणीच्या पाठीवर बसून निघाले. वाटेत सोनाबाई काठावरची झाडं ओळखत होती. आधी पानांवरून ओळखायची, मग नुसत्या आकारावरून, आणि शेवटी वासावरून. केरोबा कासविणीला सारखा म्हणायचा, "बाई, जरा पाय उचला." आणि ती म्हणायची, "उचललेत."

एका सकाळी पाणी खारट लागलं. कासवीण थांबली. समोर समुद्र होता.

सोनाबाई वाळूत उभी राहिली. डोळे बारीक करून तिने खूप वेळ पाहिलं. लाटा पायाशी येत होत्या, जात होत्या.

"दिसला का गं?" केरोबाने घाबरत विचारलं.

"दिसला तर. केवढा मोठा आहे हो!" ती म्हणाली. "आणि तो बघा, पलीकडचा काठ. हिरवा आहे."

केरोबाने पाहिलं. समोर पाण्याशिवाय काहीच नव्हतं. त्याने तिचा पंजा हातात घेतला.

"खरंच की गं," तो म्हणाला. "माझंच चुकलं इतकी वर्षं."

ते परत आले, तेव्हा टेकडीवर सिंह महाराज धोंड्यासमोर ऐसपैस बसले होते. अंगाला वारा लागत होता. आयाळ फुलली होती. तब्येतही सुधारली होती.

"महाराज, मी रुजू व्हायला आलोय," केरोबा म्हणाला.

"ही जागा भरलीय," महाराज धोंड्यावरची नजर न हलवता म्हणाले. "खाली एक रिकामी आहे बघ. दिवाणजींना भेट."

खाली दिवाणजींनी हात जोडले. "केरोबा, नियमच तसा आहे. ज्याने तुझी जागा घेतली, त्याची जागा तुला. बस सिंहासनावर."

केरोबा घरी आला. सोनाबाईला आता काहीच दिसत नव्हतं. ती दारात बसून जांभळं चाचपून निवडत होती. त्याने तिला सगळं सांगितलं.

"त्या कामात रजा मिळते का?" तिने विचारलं.

"ठाऊक नाही. राजाने रजा मागायची कोणाकडे?"

"मग नका घेऊ."

केरोबाने घेतलं नाही. आता तो दिवसभर बायकोबरोबर रानात हिंडतो आणि काय काय दिसतंय ते तिला सांगतो. कधी ती त्याला सांगते, आणि तो ऐकून घेतो.

सिंहासन रिकामंच आहे. डुक्कर त्याला "शतायुषी व्हा" म्हणतं, मोर त्याच्यासमोर नाचतो आणि वानर टाळ्या वाजवतो. कोणी भेटायला आलं, तर दिवाणजी सांगतात, "महाराज कामात आहेत." पूर्वीही ते हेच सांगायचे. फरक इतकाच, की आता ते खरं आहे.

तात्पर्य : मुलांनो, रजेचा बेत आधीपासून आखून काही उपयोग नसतो. नोकरी धरतानाच अशी धरावी, की आपल्यामागे ती साहेबांनाही जमेल.