पहिलं पान आधी

आमच्या कांबळेअण्णांनी तुम्हाला पीडीएफ पाठवली, की ते तुमच्या खुर्चीमागं येऊन उभे राहतात आणि मोठ्यानं मोजायला लागतात. "एक... दोन..." तीन म्हणायच्या आत पहिलं पान दिसलं नाही, तर त्यांचा चेहरा असा पडतो की आपल्याच हातून काही फुटलं असं वाटावं.

कागलच्या एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे. तयार माल तपासायचं काम माझं, त्याची सर्टिफिकेटं काढायचं अण्णांचं. पूर्वी सर्टिफिकेट उघडेपर्यंत गेटवरचा ट्रकवाला चहा पिऊन, दाढी करून यायचा. अण्णांनी पन्नाशीत, कुणाचीही शिकवणी न लावता, कोडिंग शिकून घेतलं. आता ब्राउझरमध्ये आकडे भरायचे, बटण दाबायचं, की तिथल्या तिथं फाइल तयार. प्रिंटरकडं तर ते सवतीसारखं बघतात.

मी एकदा विचारलं, "अण्णा, एवढी हलकी कशी हो होते?"

"पावण्याकडं जाताना अख्खं कपाट न्हेतोस व्हय? लागतील तेवढीच अक्षरं भरायची. फोटू बारीक करायचा. आनि पैलं पान आदी धाडायचं. बाकीची येत्यात मागनं!"

एकदा आम्ही मिसळ खायला गेलो. मेनू फोनवर उघडायचा होता. मिसळ आली, जादा कट आला, पाव संपले, तरी मेनू उघडतच होता. अण्णा थेट गल्ल्यावर. "मालक, फाइल लई जड हाय तुमची. कोड लिहून देतो, फुकट." मालक म्हणाला, "पावणं, मिसळ बरी हाय का न्हाय तेवढं सांगा की!" अण्णांनी मिसळीबद्दल अवाक्षर काढलं नाही. मला वाटायचं, माणूस चांगला आहे, फक्त डोक्यात पीडीएफ गेली आहे.

मग गेल्या महिन्यात त्यांच्या धाकट्या लेकीचं लग्न ठरलं. डिझायनरनं सोनेरी हत्ती, गुलाब, सनईवाले घालून पत्रिका केली. अण्णांनी ती परत पाठवली आणि स्वतः कोड लिहायला बसले. मी चिडवलं, "अण्णा, पत्रिका आहे ती, सर्टिफिकेट नव्हे."

ते हसले नाहीत. म्हणाले, "थोरलीच्या लग्नात अशीच पत्रिका हुती. पैलं बोलावणं मानाच्या आत्याचं, घरी जाऊन द्यायचं. पन धांदलीत आक्काला फोनवरच धाडली. फाइल गेली म्हंजे बोलावणं गेलं, असं धरून चाललो मी."

आक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण. चंदगडच्या बाजूला असते, आणि तिच्या घरी रेंज मिळते ती गोठ्यामागच्या कोपऱ्यात. तिथं उभी राहून तिनं दिवसभर फोनवर गोल फिरणारं चाक बघितलं. लग्नाला आली नाही. तेव्हापासून चार वर्षं अबोला.

"लग्नाच्या फोटूत तिची जागा मोकळी दिसतीया रं," अण्णा म्हणाले.

"मग या वेळी स्वतः जा की!"

"आनि दारात उभं केलं न्हाय तर?"

म्हणून आधी फाइल. दुपारच्या सुट्टीत त्यांनी बटण दाबलं आणि फाइल आक्काच्या फोनवर गेली. लग्नाची तारीख, ठिकाण सगळं दुसऱ्या पानावर होतं. पहिल्या पानावर ना हत्ती, ना गुलाब. मोठ्या अक्षरात एवढंच: "आक्का, चुकलो. पैलं बोलावणं तुला."

"एक..." अण्णांनी मोजायला सुरुवात केली आणि फोन माझ्यापुढं सरकवला. पुढचे आकडे मीच मोजले. साठ झाले, शंभर झाले. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला आणि फोन वाजला. पडद्यावर आक्काचं नाव. मीच फोन उचलून स्पीकरवर टाकला.

"उघडली," पलीकडून आवाज आला. "लगीच उघडली."

अण्णा खुर्ची ओढून फोनजवळ आले.

"पैलं पान वाचलं. दुसरं मी बघितलं न्हाय, बघनार बी न्हाय. ते तू घिऊन ये."

अण्णा उठले, प्रिंटर चालू केला, दुसरं पान काढलं, आणि साहेबांना न विचारताच चंदगडच्या एसटीला गेले.