कासमचाचांचा समुंदर

कासमचाचा समोरच्या माणसाचा चेहरा पाहत नसत, त्याची काच पाहत. घड्याळ असलं तर घड्याळाची, चष्मा असला तर चष्म्याची. अमरावतीच्या इंग्रजी शाळेतून मी सुट्टीत कारंज्याला घरी आले की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "आन वं इकडं!" आणि माझा चष्मा त्यांच्या रुमालात गेलेला असे. मला आधीच लोकांशी बोलायची धास्ती. चष्मा नसला की मी मुकीच होई.

"काच साफ तं नीयत साफ," ते फुंकर मारत म्हणत. आमच्या गल्लीत त्यांचं कंदिलाच्या काचांचं दुकान होतं.

दुकानाच्या बाजूलाच त्यांचं घर, आमच्या अगदी समोर. तिथे पूर्वेच्या खिडकीत एक मोठी, वरून उघडी काचेची पेटी होती. आत समुद्राचं पाणी, मधोमध दगड आणि दगडावर चढून बसणारा बोटाएवढा निवटी मासा. कोकणातला मेव्हणा पाण्याच्या बरण्या रेल्वेने आणून देई. मिठाचा कायदा गाजत होता त्या वर्षी एका शिपायाने स्टेशनवर बरणी अडवली.

"यात काय?"

"समुंदर," चाचा म्हणाले.

शिपायाने बोट बुडवून चाटलं. "मीठ बनवता काय?"

"मिठासाठी कोकणातून पानी आनू? बजारातलं मीठ संपलं काय बावा?"

माशाला ते 'पाहुने' म्हणत. डोक्यावर डोळे असलेला तो पाहुणा सगळ्यांकडे वसुलीला आल्यासारखा बघे. दुपारी चाचा दुकानातून ओरडत, "पाहुने जिते हायेत ना वं?" मी खिडकीत डोकावून त्यांच्याकडे मान हलवी. एखाद्या दुपारी हाक आली नाही, तर मीच धावत जाऊन पेटीत डोकावे.

खरा वैरी म्हणजे शेवाळ. उन्हाळ्यात आज घासलेली काच परवा हिरवी. चाचा शिंगाच्या फणीला फडकं गुंडाळून कोपर बुडेपर्यंत घासत.

"चाचा, नीयत हिरवी झाली!" पानवाला ओरडे.

"तुही तं कत्थ्यानं लाल झाली!"

एकदा त्यांनी मला गाठलं. "तुह्या इंग्रजी पुस्तकात शेवाळाचं काय लिव्हलं हाये?"

पुस्तकात होतं की शेवाळाला ऊन लागतं. ते सांगायचा धीर व्हायला मला आठवडा लागला. "पेटी खिडकीतून हलवा, चाचा."

"मालूम हाये," ते खाली पाहत म्हणाले आणि पुन्हा फणी उचलली.

मग ऊन फार तापलं. मासा दगडावर चढेना, तळाशी पडून राहिला. मी चाचींसाठी डबा घेऊन गेले, तर चाचा ओले हात न पुसताच पेटीवर वाकले होते.

"हा मेला तं पेटी कायची अन् पानी कायचं?" ते हळूच म्हणाले. "मंग तिले काय दाखवू?"

चाची कोकणातल्या. पायांतला जोर गेल्यापासून पेटीच्याच खोलीत खाटेवर उताण्या पडलेल्या. मला वाटलं, माशावर जीव असेल त्यांचा.

शेवटी चाचांनीच खिडकीला गोणपाट लावायला घेतलं. मी एक टोक धरलं. इतके दिवस मी पेटीकडेच पाहत आले होते. आता टोक बांधायला मान वर केली. पाण्यावरून उसळलेलं ऊन चाचींच्या वरच्या छतावर लाटालाटांनी हलत होतं. गोणपाट खाली आलं आणि छत विझलं. चाचींनी डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी पाणी निवलं आणि पाहुणे दगडावर चढले. चाचांनी ती बातमी साऱ्या गल्लीला दिली.

दुसऱ्या दिवशी कोवळ्या उन्हात मी डबा घेऊन गेले. गोणपाट वर गुंडाळलेलं होतं. काचेवर शेवाळ तसंच, फणी बाजूला आणि चाचा पाण्यात हात घालून नुसतं हलवत उभे.

"ऊन तापलं का गोणपाट पाडतो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. चष्माही मागितला नाही. मग खाटेकडे वळले. "दिसून राह्यलं का वं?"

"भरती आली," चाची छताकडे पाहत म्हणाल्या.

चाचांनी हात आणखी जोरात हलवला. मासा वैतागून दगडाच्या टोकावर गेला.

"हळू हो," चाची हसल्या, "होड्या उलटतील."