सेनापती वज्रक यांना भावपूर्ण श्रद्धांजली

उदगीरच्या मोंढ्यातले धान्याचे व्यापारी रेवणप्पा गेले आणि घरात धड रडून होण्याआधीच फोटोवरून भांडण सुरू झालं. फोटो काढला की आयुष्य घटतं, अशी रेवणप्पांची पक्की समजूत. म्हणून कॅमेरा दिसला की ते तोंडावर उपरणं ओढत. जन्मभर एवढं जपलं आणि शेवटी दुकानात तुरीच्या पोत्यांवर हात ठेवून हार्टनं गेले. काय उपयोग झाला?

राहता राहिला आधार कार्डावरचा फोटो.

“ह्यो फ्लेक्सवर लावला तर लोक हार घालायचं सोडून पोलिसाला फोन करतील,” धाकटे भाऊ शरणप्पा म्हणाले.

रेवणप्पांची लेक अक्षरा कोपऱ्यात रडत बसली होती. पोरगी चित्रं सुरेख काढायची, पण एकाचीच. टीव्हीवरच्या अंतराळाच्या मालिकेतला सेनापती वज्रक हा तिचा जीव की प्राण. पांढरी दाढी, पिवळे डोळे, कपाळावर तीन पांढऱ्या रेषा, गळ्यात शक्तीचा गोल खडा. परवापरवाच रेवणप्पा म्हणाले होते, “त्या आभाळातल्या म्हाताऱ्याचं काढतीस, माझं बी एखादं काढ की. चित्रानं काय आयुष्य घटत न्हाई.”

“उद्या काढते, अप्पा,” ती म्हणाली होती. तो उद्या काही आला नाही.

शरणप्पांनी तिचा मोबाईल उचलला, पडद्यावर तिनं काढलेला वज्रक दिसला आणि त्यांना गहिवरून आलं. पोरगी चित्र काढते म्हटल्यावर बापाचंच काढणार, दुसऱ्या कुणाचं काढेल? पांढरी दाढी आहे, कपाळाला भस्म आहे, गळ्यात लिंग आहे, आणखी काय पाहिजे? चित्र तडक दयानंद फ्लेक्सवाल्याकडे गेलं.

दुपारी रेवणप्पांना घेऊन मंडळी चौकात आली आणि अक्षराची नजर फ्लेक्सवर गेली. वर अवाढव्य सेनापती वज्रक, त्याखाली ‘कै. रेवणप्पा यांना भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि तळाला गॉगल घातलेले शोकाकुल पुतणे.

“काका, हे अप्पा न्हाईत!” ती ओरडली.

“न्हाईत गं माय! आता कुठले अप्पा!” शरणप्पांनी हंबरडा फोडला आणि तिला पोटाशी धरलं. पुढं बोलायची सोयच उरली नाही.

“डोळे पिवळे कामून दिसायलेत?” गर्दीत कुणीतरी विचारलं.

“कावीळ असंल. घरच्यांनी दडवून ठिवली.”

संध्याकाळपर्यंत रेवणप्पा काविळीनं गेल्याचं मोंढाभर झालं. त्यात मठातले स्वामी फ्लेक्ससमोर थांबले. “केवढं तेज! आम्हीच वळखलं न्हाई ह्या माणसाला,” म्हणून त्यांनी हात जोडले. झालं! स्वामींनी हात जोडलेल्या माणसाला टीव्हीतला कोण म्हणणार? शरणप्पांनी चित्राला फ्रेम करून भिंतीवर टांगलं आणि हार घातला.

अक्षराला निराळीच धास्ती बसली. डोळे मिटले की वज्रकच समोर यायचा. अप्पांचं तोंड आठवायला जावं तर पुसट व्हायचं. आता नाही काढलं तर ते कायमचं जाईल, या भीतीनं ती शिवगणाराधनेच्या, म्हणजे अप्पांच्या दिवसकार्याच्या, सकाळी कागद घेऊन बसली. नाकाजवळची चामखीळ आली, कपाळाच्या आठ्या आल्या, कुणावर तरी खेकसायच्या बेतात असलेले ओठ आले. अप्पा आले!

तिनं चित्र आईपुढे, मल्लम्मांपुढे ठेवलं. “अव्वा, भिंतीवर हे लावू. ते अप्पा न्हाईत गं. माझी लई मोठी चूक झाली.”

मल्लम्मांनी चित्र छातीशी धरलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर रडल्या. मग उठल्या, आणि चित्र पेटीत साडीच्या घडीत ठेवून दिलं.

“अव्वा! आणि भिंतीवर?”

“भिंतीवर वज्रकच राहू दे.”

“तुला म्हाईत होतं?”

“म्हाईत नसायला काय झालं? रोज तुझ्यासंगं सीरियल कोन बगत हुतं?” मल्लम्मांनी डोळे पुसले आणि फ्रेमचा वाकडा झालेला हार सरळ केला. “ह्यास्नी मी पेटीत बगीन, आठवण आली की. पन जल्मभर त्या तोंडाची बोलणी खाल्ली गं. आता भिंतीवरून तरी कुणीतरी माझ्याकडं मायेनं बगू दे.”