बॅटरीवाल्या मल्लाप्पाची आंघोळ

आमच्या गल्लीतला मल्लाप्पा माणसांच्या हिरड्या बघायचा. अगदी अक्षरशः. "पावणं, जरा आ करा की," म्हणायचा, आणि समोरच्यानं गोंधळून तोंड उघडलं की बॅटरी मारून आत डोकवायचा. "निळी रेघ न्हाय. जावा बिनघोर." लाइट बिल वाटायला आलेल्या माणसालाही त्यानं सोडलं नव्हतं.

त्याचं गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचं दुकान होतं. नव्वद सालानंतरचे ते दिवस. जुन्या बॅटरीतल्या शिशाच्या प्लेटी तो कढईत वितळवायचा आणि त्याच हातानं भजी खायचा. मग पोट पिळवटायला लागलं. ओवा झाला, हिंग झाला, सोडा झाला. शेवटी हातातनं पाना गळून पडायला लागला, तेव्हा एका डॉक्टरांनी हिरडीवरची निळसर रेघ पाहिली आणि रक्त मुंबईला धाडलं. रक्तात शिसं निघालं.

"मास्तर, मी सोताच बॅटरी झालोय," त्यानं मला सांगितलं. "नुस्तं ॲसिड भरायचं ऱ्हायलंय."

डॉक्टरांनी विचारलं, घरात लहान कोण आहे? मुलगी होती, गौरी, पाच वर्षांची. तिच्याही रक्तात शिसं सापडलं. बापाच्या कपड्यांवरनं घरी गेलेलं. लहान पोरांच्या डोक्यावर परिणाम होतो म्हणे.

मल्लाप्पानं त्याच दिवशी भट्टी मोडली. तरी बॅटऱ्या उघडायचं काम होतंच, धूळ होतीच. म्हणून माझ्याकडं आला. "मास्तर, तुमची मोरी मला रोज सांजच्याला पायजे." विचारलं नव्हतंच, सांगितलं होतं. आमच्याकडं डोकं धुऊन, नखं घासून, कपडे बदलून मगच तो समोरच्या आपल्या घरी जायचा. त्याआधी गौरी "आप्पा" करत धावत आली की गल्ली हादरेल असा ओरडायचा, "लांब! लांब ऱ्हा!" बायका म्हणायच्या, बाप हाय का दगूड?

हळूहळू पोरगी धावायची थांबली.

वर्षभरानं पुन्हा तपासलं. तिच्या रक्तातलं शिसं पुष्कळ उतरलं होतं. मल्लाप्पा त्या दिवशी दुकान न उघडता डॉक्टरांकडनं थेट घरी आला, आणि भर गल्लीत गुडघ्यांवर बसून त्यानं हात पसरले. "ये गं बाय."

गौरी दारातनं हलली नाही. "आंघुळ केलासा?"

"केली की. दोनदा केली."

"नखं?"

त्यानं दोन्ही पंजे पुढं धरले. तिनं जवळ येऊन एकेक बोट उलटंपालटं करून तपासलं, अगदी सावकाश. मल्लाप्पा नुसता नाक ओढत होता. दहावं बोट सोडल्यावर ती त्याच्या गळ्यात पडली.