दामूभाऊंचं दुसरं स्टूल

आमच्या मुरब्याचे दामूभाऊ पालघरच्या कचेरीत जायचे ते दोन स्टुलं घेऊन. निळी, प्लॅस्टिकची, एकात एक घातलेली. एकावर स्वतः बसायचे, दुसरं शेजारी रिकामं. एकदा माझ्या कामासाठी कचेरीत गेले होते, तेव्हा मी त्यावर टेकायला गेले तर म्हणाले, "नाय बाय, तितं मानूस हाय." आता माणूस दिसत नव्हता, त्याला मी काय करू!

एसटीचा कंडक्टर विचारायचा, "भाऊ, स्टुलांचं तिकीट फाडू का?"

"फाड की. काम झालं तर पैशे देन."

काम एकच. त्यांच्या बायकोने, हिरावहिनीने, बोंबील सुकवायचं यंत्र आणलं होतं. वलांडीवर, म्हणजे आमच्या बांबूच्या दांड्यांवर, टांगलेला माल एका अवकाळी सरीत कुजतो. यंत्राला कसली भीती? चार बायकांना वहिनीने कामाला सांगूनही ठेवलं होतं. फक्त विजेचं मोठं मीटर हवं होतं, आणि ते कचेरीत अडकलं. आज साहेब बैठकीला, उद्या टेबल बदललं. यंत्र ताडपत्रीखाली, त्यावर कोंबडी अंडी घालायची. वाट बघून बघून त्या बायका बोईसरला कारखान्यात लागल्या.

मासे धरायचं जाळं विणता विणता दामूभाऊ म्हणायचे, "जालं फाटलं तर इनता येतं. कचेरी फाटली तर सुई कुटं घालाची?"

मग नवे साहेब आले. त्यांनी नंबर लावायची पद्धत केली, बाक टाकले, कुठलं काम किती दिवसांत ते पाटीवर लिहिलं. माणसं तीच, टेबलं तीच, करकरणारा पंखाही तोच. मीटर आठवड्यात लागलं! माणसाने खूश व्हावं की नाही? दामूभाऊ ओटीवर तोंड पाडून बसलेले.

"एवडंच व्हतं, बाय? मंग हिरा का उबी रायली?"

तेव्हा कुठे मला कळलं. पहिल्या खेपेला भाऊ बोटीवर होते. वहिनी एकटी गेली, दिवसभर उभी राहिली, गुडघे धरून परत आली. पुन्हा त्या कचेरीचं नाव काढलं नाही.

यंत्र सुरू झालं त्या सकाळी वहिनी उभ्याने बोंबील लावत होती. दामूभाऊंनी ते दुसरं स्टूल तिच्या मागे सरकवलं.

"काम हाय, दिसत नाय?"

"बस गं. तुजीच जागा धरून व्हतो."

वहिनी बसली. पुढचा बोंबील उचलत म्हणाली, "आनि तुमी?"

"मी लय बसलो. आता उबा रातो."