आचारीबुवांचा मोकळा भात

"बाबा, भात मी काल संध्याकाळीच करून ठेवलाय. फ्रीजमध्ये आहे. जेवायच्या वेळी नुसता वाफवायचा."

आचारीबुवांच्या हातातला झारा हवेतच थांबला. एकतीस वर्षं कारखान्याच्या कँटीनमध्ये भात वेळलेला माणूस! आज जुने सोबती, फिटर आणि टाइमकीपर, बारा वर्षांनी जेवायला येणार, आणि सून त्यांना शिळं वाढायला निघालेली.

"शिळा भात? अगं, माझा भात म्हणजे शीत न शीत मोकळं. कारखान्याच्या गेटापर्यंत नाव होतं माझं!"

सून धान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. रोज भात शिजवायची, पण तपासायला.

"दोघांनाही साखर आहे ना, बाबा? तांदळात दोन तऱ्हेचा स्टार्च असतो. एक सरळ दोरीसारखा, एक झाडासारखा फांद्या फुटलेला. भात गार झाला की त्या दोऱ्या एकमेकींना घट्ट धरून बसतात. मग परत गरम केला तरी थोडा सावकाश पचतो."

"माणसं जेवायला येतायत, तपासणीला नाही."

सून हसली आणि पिशवी घेऊन भाजी आणायला गेली. बायको कोपऱ्यात कांदा चिरत होती.

आचारीबुवांनी फळीवरचा डबा काढला. दाणा जरा बुटका वाटला, पण चष्मा कोण शोधत बसणार? मोठं पातेलं, भरपूर पाणी, खळखळून उकळी. हात आपोआप चालत होते. कँटीनची ती काळी भट्टी, भोंगा झाला की ताटांचा खणखणाट, सगळं वाफेत उभं राहिलं.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. त्यांनी एक शीत बोटावर घेतलं. ते सुटेना. झटकलं, तर दुसऱ्या बोटाला चिकटलं. वेळायला पातेलं तिरकं केलं, पेज आली नाही. पालथं केलं, भातही आला नाही. पाणी घालून घोटलं, तर अशी खळ झाली की झारा आधाराशिवाय उभा राहिला.

तेवढ्यात सून परतली. "बाबा! तो प्रयोगशाळेचा चिकट तांदूळ होता. त्यात जवळजवळ सगळ्या फांद्याच!"

"फांद्या कसल्या, इथं जंगल माजलंय!"

दारावरची घंटा वाजली. "आचारीबुवा," फिटर दारातूनच ओरडला, "सकाळपासून पोट रिकामं ठेवलंय तुमच्या भातासाठी!"

आचारीबुवांच्या तोंडचं पाणी पळालं. एकतीस वर्षांची अब्रू पातेल्याच्या बुडाला चिकटून बसली होती. तेव्हा बायको उठली. फ्रीजमधला भात काढला, बोटांनी मोकळा केला, पाण्याचा हबका मारला आणि वर ओलं फडकं टाकून वाफेला लावला. कुणाला काही विचारलं नाही.

पानं वाढली. फिटरने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"हाच! कँटीनचा भात हाच!"

टाइमकीपर म्हणाला, "दुसऱ्या पाळीला आम्ही याच्यासाठी भांडायचो. पहिल्या पाळीवाले म्हणायचे, त्यात काय एवढं?"

आचारीबुवांचा घास हातातच राहिला. त्यांची सुटी दुपारी दोनला व्हायची. दुसऱ्या पाळीला कँटीनमध्ये बायको वाढायची. आणि आजवर भाताचं कौतुक करायला जे जे आले, ते सगळे दुसऱ्या पाळीचे.

"अगं, दुपारी तू ताजा लावायचीस ना?"

"कशाला? तुमचा हात मोठा. सकाळचा दोन पराती उरायचा. गार झाला की वाफवायचे."

"एकतीस वर्षं?"

"तीस. पहिलं वर्ष फेकत होते. जीव तुटायचा."

फिटर छताकडे बघू लागला. टाइमकीपरला एकदम ठसका लागला. सुनेने तोंडाला पदर लावला.

आचारीबुवांनी हातातला घास तोंडात घातला. बराच वेळ चावला. मग ताट बायकोपुढे सरकवलं.

"वाढ अजून," ते म्हणाले. "मी कधी दुसऱ्या पाळीला जेवलोच नाही."